बोट उलटायच्या आधी पोलिसांचं काम काय?

प्रश्न असा आला आहे: "मागच्या महिन्यात आम्ही पवना जलाशयाच्या काठी एका बंगल्यावर मुक्कामाला गेलो होतो. संध्याकाळी आठ जणांच्या बोटीत चौदा जणांना बसवलं, जॅकेटं मोजून तीन. काठावर गस्तीला आलेल्या हवालदारांना सांगितलं तर ते म्हणाले, 'बोटी आमच्याकडे येत नाहीत, मेरिटाइम बोर्डाला लिहा.' हे खरं का? मग पोलिसांचं काम नेमकं काय? आणि माझी स्वतःची फुगवायची कायक आहे, ती धरणावर न्यायला पोलिसांची परवानगी लागते का?"

हवालदार अर्धं खरं बोलले. त्या अर्ध्या खऱ्यावर आमच्या खात्यातल्या पुष्कळांची नोकरी निभावून जाते. माझीही काही वर्षं गेली. पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात मी तीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी धरणांच्या आसपासच्या ठाण्यांत. तेव्हा आधी माझ्याच चुकीची गोष्ट सांगतो.

नव्वदच्या दशकात एका ठाण्याला नवा फौजदार होतो. धरणाच्या पाण्यात होडी कलंडून दोन जण गेले. मी पंचनामा केला, अकस्मात मृत्यू दाखल केला, कारण लिहिलं "तोल जाऊन पाण्यात पडून बुडून मयत", प्रेतं शवविच्छेदनाला पाठवली आणि संध्याकाळी जेवायला घरी गेलो. चार दिवसांनी आवक टपाल चाळताना गावातल्या शाळेच्या गुरुजींचा अर्ज हाती लागला. त्याच होडीबद्दलचा. तळ गळतो, रविवारी माणसं कोंबतात, लक्ष घालावे. तारीख घटनेच्या सहा आठवडे आधीची. शेरा होता, "संबंधित विभागाकडे पाठवणे". पाठवला कुणीच नव्हता. भाडं घेऊन जादा भरलेल्या होडीतून माणसं नेणं हा गुन्हा भारतीय दंड विधानात ब्रिटिशांच्या काळापासून होता, कलम २८२. परीक्षेपुरतं ते कधीतरी वाचलंही असेल. काठावर उभा असताना आठवलं नाही.

आता त्या अर्ध्या खऱ्याकडे. बोटीची नोंदणी, तिची तांत्रिक तपासणी, चालकाचं प्रमाणपत्र, विमा हे पोलिसांचं काम नाही, हे बरोबर. १९१७ चा जुना कायदा जाऊन अंतर्देशीय जलयान अधिनियम २०२१ आला. त्यानुसार इंजिनाच्या बोटीला तपासणीचं आणि नोंदणीचं प्रमाणपत्र लागतं, चालवणाऱ्याला पात्रतेचं. आपल्या राज्यात हे काम महाराष्ट्र मेरिटाइम बोर्ड पाहतं. बोर्डाचं नाव ऐकलं की लोकांना कोकण आठवतं, पण धरणातली इंजिनाची बोटही त्यांच्याच कक्षेत येते. वल्ह्याच्या, बिनइंजिनाच्या होड्यांची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवायची सोय त्याच कायद्यात आहे. पाणी असतं जलसंपदा विभागाचं. मुळशीचं मात्र टाटा पॉवरचं. साहसी पर्यटनाचं दुकान मांडायचं तर २०२१ च्या राज्याच्या धोरणाप्रमाणे पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी. एका होडीमागे एवढी कार्यालयं. त्यामुळे टोलवाटोलवीला मैदान भरपूर, आणि प्रत्येकाला बोट दाखवायला दुसरा कुणीतरी सापडतो.

पण तुम्ही हवालदारांना परवान्याबद्दल विचारलंच नव्हतं. आठच्या जागी चौदा बसलेत, एवढंच सांगितलं होतं. आणि ते थेट पोलिसांचं काम आहे.

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिचं कलम २८४ म्हणजे आमचं जुनं २८२. भाडं घेऊन कुणालाही पाण्यावरून अशा जलयानातून नेलं, की जे इतकं नादुरुस्त आहे किंवा इतकं भरलंय की त्या माणसाच्या जिवाला धोका व्हावा, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलीस स्वतःहून दाखल करू शकतात. कलमाच्या शब्दांत कुणी मरायला हवं असं कुठेही नाही. कुणी पाण्यात पडायलाही नको. चौदा जणांना घेऊन बोट काठापासून सुटली की गुन्हा पूर्ण झाला. परवाना आहे की नाही हा प्रश्न त्यात येतच नाही. परवानाधारक बोटही जादा भरली तर गुन्हा तोच.

याच्या शेजारचं, नव्या संहितेतलं कलम २८२ बेदरकारपणे बोट हाकण्याचं आहे. सहा महिने किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही. तिथे भाड्याची अट नाही. मित्राची जेट स्की घेऊन पोहणाऱ्यांच्या घोळक्याजवळून गिरक्या मारणारा हौशी तरुण २८४ मध्ये बसत नाही, २८२ मध्ये बसतो. आणि दोन्हींत बसत नसेल पण जीव धोक्यात घातलाच असेल, तर कलम १२५ आहे. इथे एक गंमत सांगतो. आपल्याकडे नदीकाठच्या गावांत पावसाळ्यात गुळाच्या काहिलीत बसून पलीकडे जातात. संहितेतल्या व्याख्येप्रमाणे जलयान म्हणजे माणसं किंवा माल पाण्यावरून नेण्यासाठी बनवलेली वस्तू. काहील बनवतात रस आटवायला. बचावाचा वकील यावर अर्धा दिवस खाईल. तिथे १२५ लावावं आणि पुढे जावं.

२८४ च्या वाक्यातले दोन शब्द ग्रामीण पोलिसांनी पाठ करावेत असे आहेत. नेणारा, "किंवा न्यायला लावणारा". पवनेच्या काठी हल्ली धंद्याची रीत अशी: बंगला एकाचा, बोट दुसऱ्याची, चालवणारा तिसराच, आणि तो पोरगा रोजंदारीवर. काही झालं की पोरगा आत जातो, बोटवाला दोन दिवस गायब होतो आणि बंगलेवाला म्हणतो, "बोटिंगचा आमचा संबंध नाही, पाहुणे आपल्या हौसेने गेले." पण त्याच्याच जाहिरातीत "मुक्काम, जेवण, बार्बेक्यू, बोटिंग" असं एका दरात लिहिलेलं असतं. म्हणजे भाडं त्यानेच घेतलं आणि माणसं बोटीत त्यानेच पाठवली. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, बुकिंगचे निरोप आणि यूपीआयची नोंद एवढं जमवलं की त्यालाही या कलमात आणता येतं. पूर्वी भाडं सिद्ध करताना नाकी नऊ यायचे, कारण रोख पैसे घेऊन "ओळखीचे होते, फुकट नेलं" म्हणायची पद्धत होती. आता ग्राहकाच्याच फोनमध्ये पुरावा असतो. तुमच्या फोनमध्येही असेल, पुसू नका.

शिक्षा किरकोळ आहे, गुन्हा जामीनपात्र आहे, मग उपयोग काय, असं माझे सहकारी म्हणायचे. उपयोग शिक्षेचा नाहीच. गुन्हा दाखल झाला की बोट मुद्देमाल होते. पोलिसांची कार्यपद्धती सांगणारी जी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, तिच्या कलम १०६ खाली ती जप्त करता येते आणि न्यायालयाने सुपूर्दनाम्यावर सोडेपर्यंत ती ठाण्याच्या आवारात चिंचेखाली पडून राहते. शनिवार-रविवारचा धंदा बुडाला की जो धाक बसतो तो पाच हजारांच्या दंडाने बसत नाही. आता जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं आहे, ते मोबाइलवर नीट करावं. आणि जप्तीला जाताना ट्रॅक्टर-ट्रॉली सोबत न्यावी. मी एकदा बोट "जप्त" करून काठालाच दोरीने बांधून आलो होतो. सकाळी दोरी होती.

गुन्ह्याच्याही आधीची एक पायरी आहे आणि माझ्या मते पोलिसांचं खरं काम तिथेच आहे. दखलपात्र गुन्हा घडू नये म्हणून हस्तक्षेप करणं हे याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ प्रमाणे पोलिसांचं कर्तव्य आहे, मर्जीचा भाग नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ६६ मध्येही लोकांवर येणारा अपघात किंवा धोका टाळण्यासाठी शक्य ते सर्व करावं असं पोलिसांच्या कर्तव्यांत लिहिलं आहे. त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीला बीट अंमलदाराने प्रत्येक धक्क्यावर जाऊन लेखी नोटीस द्यावी. बोट किती जणांची, जॅकेटं किती, अंधार पडल्यावर बोट नाही, दारू प्यायलेला चालक नाही. मालकाची सही, तारीख, एक प्रत ठाण्यात, नोंद स्टेशन डायरीला.

हा कागद साधा दिसतो, पण अपघात झाला तर सगळा खटला त्याच्यावर फिरतो. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर न्याय संहितेचं कलम १०६, पाच वर्षांपर्यंत. पण यात मरण येऊ शकतं हे माहीत असूनही केलं, असं दाखवता आलं तर त्याच संहितेचं कलम १०५, सदोष मनुष्यवध. त्या "माहीत होतं" चा पुरावा कुठून आणायचा? मालकाची सही असलेल्या नोटिशीतून. तोंडी समज दिली, असं कोर्टात सांगणारा अंमलदार मी पुष्कळदा पाहिला आहे. उलटतपासणीत त्याचं काय होतं तेही पाहिलं आहे.

एक सावधगिरी. जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकारी धरणांवर आणि धबधब्यांवर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली मनाई आदेश काढतात, मुख्यतः पावसाळ्यात. आदेश मोडला की पोलीस न्याय संहितेचं कलम २२३ लावून मोकळे होतात आणि आकडा वर पाठवतात. पण २२३ ची दखल न्यायालय घेतं ती संबंधित लोकसेवकाच्या किंवा त्याच्या वरिष्ठाच्या लेखी तक्रारीवर. ती तक्रार कुणी केलीच नाही तर प्रकरण उभंच राहत नाही. म्हणून बोट जादा भरलेली दिसत असताना फक्त २२३ वर थांबू नये, २८४ सोबत लावावं. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चं कलम ५१ ही आहे. प्राधिकरणाचे निर्देश धुडकावले आणि त्यात जीव गेला तर दोन वर्षांपर्यंत कैद.

दारूबद्दल बरेच जण विचारतात. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ रस्त्यावरच्या वाहनाचं, बोटीला लागत नाही. त्यामुळे आमचे शिपाई गोंधळतात: मशीन आहे, फुंकायला लावायचं कुठल्या कलमाखाली? उत्तर असं, की प्यायलेल्या अवस्थेत माणसं घेऊन बोट हाकणं हे बेदरकारपणातच मोडतं. २८२ दाखल करा, ताब्यात घ्या, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१ खाली सरकारी दवाखान्यात वैद्यकीय तपासणी करून रक्ताचा नमुना घ्या. उशीर केला तर रक्तातलं प्रमाण उतरत जातं.

आता धक्क्यावर उभं राहून काय बघायचं. यातलं काहीच पोलीस प्रशिक्षणात शिकवत नाहीत, भोई लोकांकडून शिकलो.

पहिलं, माणसं मोजायची, आणि लहान मुलंही माणसंच. "मांडीवर आहे" ही सबब बोटीत चालत नाही, वजन मांडीवरही तेवढंच असतं. मग बोट भरल्यावर पाण्याची रेघ बघायची. बोटीचा काठ पाण्यापासून वीतभरच वर राहिला असेल तर वाऱ्याची एक लाट पुरे. पाणी आत आलं की ते एका बाजूला धावतं, माणसं घाबरून दुसऱ्या बाजूला, आणि बोट मग सावरत नाही. फोटो काढायला सगळे एका अंगाला उठले तर कुणी घाबरायचीही गरज नसते.

जॅकेटांची गोष्ट जरा वेगळी. काठावर एकदा मी मालकाला विचारलं, जॅकेटं कुठायत. त्याने बाकाखालून गोणी ओढली. आत बारा जॅकेटं, पट्ट्यांच्या एकमेकांत गाठी, दोनांचे बकल तुटलेले, एकात उंदराने घर केलेलं. म्हणाला, "साहेब, घातलं की गिऱ्हाईक भितं." बोट उलटते तेव्हा गोणी सोडवायला वेळ मिळत नाही. जॅकेट अंगावर आणि पट्टे आवळलेले, एवढाच त्याचा अर्थ. खांद्याला धरून वर ओढायचं. हनुवटीच्या वर सरकलं तर ते सैल आहे किंवा मापाचं नाही. मोठ्यांचं जॅकेट चार वर्षांच्या पोराला घातलं तर पोरगं खालून निसटतं, जॅकेट तेवढं तरंगतं. आणखी एक फरक ओळखायला हवा. कायकवाले घालतात ते आखूड, पन्नास न्यूटनचं (न्यूटन हे तरंगवण्याच्या ताकदीचं माप) तरंगसाधन पोहता येणाऱ्यासाठी असतं. बेशुद्ध माणसाचं तोंड ते पाण्याबाहेर ठेवेल याची खात्री नाही. त्यासाठी गळपट्टीचं, शंभर किंवा दीडशे न्यूटनचं जॅकेट लागतं. आकडा आतल्या लेबलवर असतो. लेबलच नसेल तर साधी परीक्षा: ठाण्यातल्या एखाद्या पोहणाऱ्या शिपायाला ते घालून काठालगत कमरेएवढ्या पाण्यात अंग सैल सोडायला सांगायचं. एका उन्हाळ्यात आम्ही अशी चाळीसएक जॅकेटं भिजवली. निम्मी जागेवर कापून टाकली, मालकांसमोरच. कायद्याने तो अधिकार मला होता का, हे मला विचारू नका.

वाऱ्याकडे मात्र पोलीस, पर्यटक, कुणीच बघत नाही. उजनीच्या फुगवट्यात २१ मे २०२४ ला संध्याकाळी करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सात जण होते. सहा गेले. पोहून काठाला लागलेला एकमेव माणूस आमच्याच खात्यातला सहायक निरीक्षक होता. ती सहलीची बोट नव्हती, गावकऱ्यांची रोजची वाहतूक होती, पण पाणी तेच. मे महिन्यात दुपारनंतर वळीव उठतो तेव्हा मोकळ्या पाण्यावर वारा अडवायला ना झाड, ना डोंगर. पंधरा-वीस मिनिटांत लाटा चढतात. भिगवण-कुंभारगावला थंडीत रोहित पक्षी बघायला होड्या निघतात तेव्हा सकाळी पाणी आरशासारखं असतं. तोच नावाडी, तीच होडी, मे महिन्यात पाच वाजता, ही वेगळी गोष्ट आहे. हवामान खात्याचा वादळी वाऱ्याचा इशारा आला की ठाणे अंमलदाराने धक्क्यांवर फोन करून बोटी बंद करायला सांगाव्यात. फोनला पैसे पडत नाहीत.

याच घटनेतून दुसरा धडा हद्दीचा. बोट निघाली सोलापूर जिल्ह्यातून, येणार होती पुण्यात. जलाशयाच्या मधोमध हद्दीचा दगड नसतो. पूर्वी यावरून रात्र रात्र वाद चालायचे, प्रेत या काठाला लागलं की तुमचं, त्या काठाला लागलं की आमचं. आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे: गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती मिळेल त्या ठाण्याने ती नोंदवून घ्यायची आणि मग योग्य ठाण्याकडे पाठवायची. शून्य क्रमांकाची फिर्याद म्हणतात ती हीच.

अपघात झालाच तर पोलिसांनी पाण्यात उडी घेऊ नये. हे ऐकायला कसंतरी वाटतं, पण उजनीनंतर दोनच दिवसांनी, २३ मे २०२४ ला, अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरेत बुडालेल्यांना शोधणारी राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचीच बोट उलटली आणि त्यांचे तीन जवान गेले. प्रशिक्षण घेतलेली माणसं होती ती. खाकी पँट आणि बूट घालून उडी मारणारा शिपाई बुडणाऱ्यांत एकाची भर टाकतो. आधी काठी, मग दोरी, मग होडी. गस्तीच्या गाडीत वीस-पंचवीस मीटर दोरी आणि तिच्या टोकाला बांधलेला झाकण घट्ट लावलेला रिकामा पाच लिटरचा कॅन असावा. एवढ्यावर मी दोन जण बाहेर आलेले पाहिले आहेत. बाहेर काढलेल्याला उलटं टांगून, पोट दाबून पाणी काढायचा जो गावठी प्रकार आहे तो होऊ देऊ नये. श्वास नसेल तर तोंडाने श्वास आणि छातीवर दाब, लगेच, आणि १०८ ला फोन.

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन आपल्याच मावळात, सुदुंबऱ्याला आहे. पवनेला ती त्यातल्या त्यात जवळ, पण उजनीला यायला दोन-तीन तास धरा, आणि बुडणारा माणूस थांबतो काही मिनिटं. तोवर जे काही होतं ते काठावरचे मच्छीमार आणि लोणावळ्याच्या शिवदुर्गसारखी पथकं करतात. म्हणून धरणाच्या प्रत्येक ठाण्यात पोलीस पाटलामार्फत केलेली यादी भिंतीवर हवी: कुठल्या वस्तीवर कुणाची होडी आहे, इंजिन आहे का, रात्री फोन उचलतो का. आणि शोधकार्यात या लोकांचं डिझेल जळतं त्याचे पैसे वेळेवर मिळाले पाहिजेत. मिळत नाहीत. पुढच्या वेळी ते फोन उचलत नाहीत, आणि मी त्यांना दोष देत नाही.

अपघातानंतरच्या तपासाबद्दल थोडं, कारण चूक तिथेच होते. मृत्यू झाला की नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली अकस्मात मृत्यूची नोंद होते, ती हवीच. पण तिथेच फाइल मिटू नये. बोट पाण्यातून काढण्याआधी फोटो घ्यावेत. ती किती जणांची म्हणून लिहिलंय, तळाला भोक की भेग, इंजिनाचा क्रमांक, किती जॅकेटं सापडली, त्यातली किती मृतांच्या अंगावर होती, पट्टे लावलेले होते का. वाचलेल्यांचे जबाब त्याच रात्री. दुसऱ्या दिवशी नातेवाईक, मालक, गावातले पुढारी सगळे एकत्र बसतात आणि "पाय घसरला" असं एकमत होतं. कधी कधी वाचलेलेच तसं सांगतात, कारण बोटवाला त्यांच्याच पाहुण्यातला असतो. वडोदऱ्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ ला शाळेची सहल बुडाली, बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. बोट चौदा जणांची होती आणि बसलेले त्याहून कितीतरी जास्त. तलाव महापालिकेचा, चालवायला ठेकेदार. तिथे पोलिसांनी सुरुवातीपासून सदोष मनुष्यवधाचं कलम लावलं, म्हणून तपास बोट हाकणाऱ्या पोऱ्यावर न थांबता ठेकेदार कंपनीपर्यंत गेला.

शहर पोलिसांना हे प्रश्न कमी पडतात. पुण्यात सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेच्या बोट क्लबची रेगाटा, म्हणजे बोटींचा सोहळा, असते, तिथे वल्हवणारी मुलं शिकलेली आणि सोबत बचावाची तयारी ठेवलेली. बंदोबस्त असतो तो काठावरच्या गर्दीसाठी. खडकवासल्यातून पाणी सोडलं की मुठेत बोट घालायची नाही एवढं सांभाळलं तरी पुरतं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर पुढच्या वेळी असं दिसलं की हवालदारांशी वाद न घालता ११२ लावा. तिथे कॉलची नोंद होते, वेळ पडते, आणि ठाण्याला काय केलं ते कळवावं लागतं. धक्क्याचं नाव, बंगल्याचं नाव, बोटीचा रंग, माणसांचा आकडा सांगा. "बोटिंग चालू आहे" म्हणू नका. "भाड्याने जादा माणसं भरून बोट निघाली आहे, जिवाला धोका आहे" असं म्हणा. कलमाचे शब्द कानावर पडले की अंमलदार सरळ बसतो. आताच्या प्रसंगाबद्दल लेखी अर्ज ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याच्या नावे द्या आणि पोच घ्या. नोंदवून घेतलं नाही तर कलम १७३(४) प्रमाणे तोच मजकूर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना, आणि तरीही नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. एक प्रत जलसंपदाच्या त्या धरणाच्या कार्यकारी अभियंत्याला आणि एक मेरिटाइम बोर्डाला. तुमचे हवालदार एवढ्यापुरते बरोबर होते: बोर्डाला लिहायचंच आहे, पण पोलिसांना लिहून झाल्यावर.

आणि कायक. पोलिसांची परवानगी लागत नाही, कारण ती द्यायचा अधिकारच पोलिसांना नाही. परवानगी पाण्याच्या मालकाची, म्हणजे पवनेला जलसंपदाची. धरणाच्या भिंतीजवळ आणि सांडव्याजवळ तर कुणी सोडणारच नाही, सोडू म्हणालं तरी जाऊ नका. मनाई आदेश चालू असेल तर विषय संपला. नसेल तर सकाळी जा, जॅकेट गाडीत न ठेवता अंगावर घाला, पाण्याखालच्या जुन्या झाडांच्या खुंटांनी फुगवलेली कायक फाटते हे लक्षात ठेवा, आणि निघताना काठावरच्या चहावाल्याला किंवा पोलीस पाटलाला सांगून जा, किती जण आहात आणि किती वाजता परत येणार. गाडीच्या काचेवर घरच्यांचा फोन नंबर लिहिलेला कागद ठेवा. रात्री काठावर रिकामी गाडी सापडते तेव्हा ठाण्यातून पहिला फोन कुणाला करायचा, हे शोधण्यातच आमचा तास जातो.